जळालेल्या इंधनातील संपत्ती ओळखणारा द्रष्टा : डॉ. होमी जहांगीर भाभा

मुंबई, दि. २४ जानेवारी : भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा आज स्मृतिदिन. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतराजीतील माँ ब्लाँ शिखराजवळ एअर इंडियाचे विमान कोसळून अवघ्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अप्सरा आणि सायरस या अणुभट्ट्या, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तारापूरचा वीज प्रकल्प यांच्याशी त्यांचे नाव सदैव जोडले जाते. त्यांच्या आणखी एका निर्णयाची चर्चा मात्र तुलनेने कमी होते. अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या वापरलेल्या इंधनावर रासायनिक पुनःप्रक्रिया करून त्यातील युरेनियम आणि प्लुटोनियम परत मिळवायचे, हा तो निर्णय. देशात वीज देणारी एकही अणुभट्टी नसताना त्यांनी तो घेतला. भारताचा संपूर्ण अणुकार्यक्रम आजही त्याच निर्णयावर उभा आहे.

मुंबईतील बालपण आणि केंब्रिज

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात होमी भाभा यांचा जन्म झाला. वडील जहांगीर भाभा हे कायदेपंडित होते. आजोबा हुर्मुसजी भाभा यांनी म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यात उच्च पद भूषविले होते. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी असल्याने टाटा घराण्याशी भाभा कुटुंबाचे निकटचे नाते होते. घरात उत्तम ग्रंथसंग्रह होता आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिकाही होत्या. विज्ञान, चित्रकला आणि संगीत या तिन्हींची गोडी त्यांना लहानपणीच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथील शिक्षणानंतर १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. मुलाने अभियंता व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जबाबदारीचे पद सांभाळावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. होमींचे मन मात्र सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे ओढ घेत होते. यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास पुढे गणित शिकता येईल, असा तोडगा वडिलांनी काढला. १९३० मध्ये त्यांनी ती अट पूर्ण केली आणि पुढचा मार्ग मोकळा झाला. अभियांत्रिकीचे हे शिक्षण वाया गेले नाही. पुढे मोठमोठे प्रकल्प उभारताना आराखडे वाचणारा आणि बांधकामातील बारकावे जाणणारा शास्त्रज्ञ म्हणून ते इतरांपेक्षा वेगळे ठरले.

डिराक, फाउलर यांच्यासारख्या विद्वानांच्या सहवासात त्यांच्या संशोधनाला धार आली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्परविकिरणाचे त्यांनी मांडलेले गणित आजही भाभा विकिरण या नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. अवकाशातून येणारा एक प्रखर ऊर्जेचा कण वातावरणात शिरल्यावर त्यातून कणांची मालिका कशी निर्माण होते, याचा उलगडा त्या सिद्धांताने केला. युरोपातील अग्रगण्य भौतिकशास्त्रज्ञांमध्ये त्यांचे नाव तिशीच्या आतच घेतले जाऊ लागले होते.

युद्धामुळे मिळालेले वळण

१९३९ मध्ये सुट्टीसाठी ते भारतात आले असतानाच दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात ते रुजू झाले. तेथे त्यांनी विश्वकिरण संशोधनाचे केंद्र सुरू केले. १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व बहाल केले, तेव्हा त्यांचे वय ३१ वर्षांचे होते. केंब्रिजला परतण्याची संधी युद्धानंतर मिळाली असती. पण तोवर त्यांचा विचार बदलला होता. योग्य साधने आणि योग्य माणसे मिळाली, तर जगाच्या तोडीचे संशोधन मायदेशातही होऊ शकते, ही त्यांची धारणा पक्की झाली होती.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन करण्याचा प्रस्ताव मांडला. काही दशकांनी अणुशक्तीचा वापर वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. हिरोशिमावर बॉम्ब पडण्यास तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता आणि अणुशक्ती हा शब्दही सामान्यांना ठाऊक नव्हता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळुरूत सुरू झाले. त्याच वर्षअखेरीस संस्था मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. पुढे ती कुलाब्यात समुद्रकिनारी स्थिरावली.

स्वातंत्र्यानंतर पंडित जवाहरलाल नेहरू यांनी भाभा यांच्यावर पूर्ण विश्वास टाकला. १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोगाची स्थापना झाली. भाभा अध्यक्ष झाले, डॉ. शांतिस्वरूप भटनागर आणि डॉ. के. एस. कृष्णन हे सदस्य होते. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत स्थापन झाला आणि त्याचे सचिवपदही भाभा यांच्याकडे आले. विभागाचे मुख्यालय मुंबईतच राहिले.

तीन टप्पे आणि त्यांना जोडणारा पूल

देशातील खनिजांचा हिशेब मांडल्यावर भाभा यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. भारतात युरेनियमचे साठे मर्यादित आणि निकृष्ट प्रतीचे होते. याउलट केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल होते. परंतु थोरियम हे स्वतः इंधन नव्हे. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा झाल्यानंतर त्याचे युरेनियम-२३३ मध्ये रूपांतर होते आणि मगच त्यातून ऊर्जा मिळू शकते. त्या माऱ्यासाठी आधी दुसरे इंधन हवे.

यातूनच तीन टप्प्यांची योजना आकाराला आली. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम वापरणाऱ्या अणुभट्ट्या चालवायच्या. नैसर्गिक युरेनियमच्या दर १४० अणूंपैकी साधारण एकच अणू सहज विखंडन पावणारा, म्हणजे युरेनियम-२३५ असतो. उरलेले जवळजवळ सर्व युरेनियम-२३८ असते. अणुभट्टीत त्यातील काही अणू न्यूट्रॉन गिळून प्लुटोनियम बनतात. हे प्लुटोनियम वेगळे काढून दुसऱ्या टप्प्यातील जलद प्रजनक अणुभट्ट्यांमध्ये परत मिळवलेल्या युरेनियमबरोबर वापरायचे. या अणुभट्ट्या जेवढे इंधन जाळतात, त्याहून अधिक नवे इंधन निर्माण करू शकतात. असा साठा पुरेसा झाला की तिसऱ्या टप्प्यात थोरियमकडे वळायचे. १९५४ मध्ये दिल्लीतील परिषदेत भाभा यांनी या योजनेची रूपरेषा मांडली.

या मांडणीत एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाण्याचा एकच मार्ग आहे आणि तो रासायनिक पुनःप्रक्रियेच्या कारखान्यातून जातो. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळे करता आले नाही, तर दुसरा टप्पा सुरूच होत नाही आणि थोरियमची वाळू किनाऱ्यावर पडून राहते. इंधन एकदा वापरून पुरून टाकले, तर खाणीतून काढलेल्या युरेनियममधील एक टक्क्याहूनही कमी ऊर्जा उपयोगात येते. युरेनियमची टंचाई असलेल्या देशाला ही उधळपट्टी परवडणारी नव्हती.

जिनिव्हा आणि तुर्भे

१९५५ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांनी अणुशक्तीच्या शांततामय वापराबाबत जिनिव्हा येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तिचे अध्यक्षपद भाभा यांना मिळाले. युद्धकाळापासून गुप्ततेच्या कुलपात असलेली बरीच माहिती या परिषदेत प्रथमच खुली झाली. त्यात वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे करण्याच्या रासायनिक पद्धतींचाही समावेश होता. ज्या ज्ञानाची भारताला सर्वाधिक गरज होती, ते शोधनिबंधांच्या रूपाने जगापुढे आले. ते वाचून कारखाना उभारू शकतील, असे रसायन अभियंते घडवणे हे पुढचे काम होते.

त्यासाठीची भूमी मुंबईतच होती. तुर्भ्याचा डोंगर आणि खाडी यांच्यामधील जागेत १९५४ पासून अणुऊर्जा प्रतिष्ठान आकार घेऊ लागले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशिया खंडातील आरंभीच्या अणुभट्ट्यांपैकी एक कार्यान्वित झाली. २० जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरू यांनी प्रतिष्ठानाचे औपचारिक उद्घाटन केले. त्याच वर्षी येथे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकीचे तरुण पदवीधर निवडून त्यांना वर्षभर घडवायचे आणि थेट कामाला लावायचे, ही पद्धत भाभा यांनी रुजवली. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून पदवी घेतलेले डॉ. अनिल काकोडकर हे याच विद्यालयातून पुढे आले आणि कालांतराने अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

१० जुलै १९६० रोजी कॅनडाच्या साह्याने उभारलेली ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची सायरस अणुभट्टी सुरू झाली. तिच्यासाठी जड पाणी अमेरिकेने दिले होते. इंधनाचा पहिला संच पूर्णपणे आयात करण्यास भाभा राजी नव्हते. तुर्भे येथेच युरेनियम धातू तयार करण्याचा कारखाना उभारून त्यांनी सुमारे अर्धे इंधन देशात बनवून घेतले. याच काळात त्यांनी पुढच्या पायरीचीही तजवीज केली होती. पुनःप्रक्रिया कारखान्याचा निर्णय १९५८ मध्येच झाला होता. म्हणजे ज्या अणुभट्टीचे इंधन त्यात यायचे, ती सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी.

या प्रकल्पाला फिनिक्स असे नाव देण्यात आले. स्वतःच्या राखेतून पुन्हा जन्म घेणाऱ्या पुराणकथेतील पक्ष्याचे हे नाव उद्दिष्टाला साजेसे होते. प्रकल्पाची धुरा होमी सेठना यांच्याकडे सोपवण्यात आली. सेठना हे रसायन अभियंता होते. केरळमध्ये आलुवा येथील मोनाझाइट प्रक्रियेचा कारखाना आणि तुर्भ्याचा थोरियम प्रकल्प यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. एन. श्रीनिवासन यांच्यासारखे तरुण अभियंते त्यांच्यासोबत होते. प्राथमिक आराखड्यासाठी व्हिट्रो इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीचे साह्य घेण्यात आले. तपशीलवार अभियांत्रिकी, बांधकाम आणि कार्यान्वयन भारतीयांनी केले. १९६१ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९६४ च्या मध्यास कारखाना तयार झाला. वर्षाला ३० टन इंधनावर प्रक्रिया करण्याची त्याची क्षमता होती. जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

भिंतींआडचे रसायनशास्त्र

हे काम किती अवघड होते, याची कल्पना येण्यासाठी प्रक्रियेचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. अणुभट्टीतून नुकतीच बाहेर काढलेली इंधनकांडी इतकी किरणोत्सर्गी असते, की तिच्याजवळ क्षणभर उभे राहणेही प्राणघातक ठरते. म्हणून ती आधी काही महिने खोल पाण्याच्या कुंडात ठेवली जाते. अल्पायुषी किरणोत्सर्गी द्रव्ये तेथे क्षीण होत जातात आणि उष्णता कमी होते.

त्यानंतरची सर्व कामे जाड काँक्रीटच्या भिंतींआड, दूरनियंत्रणाने केली जातात. सायरसच्या कांड्यांवर ॲल्युमिनियमचे आवरण असे. ते कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळवून काढले जाई. आतील युरेनियम धातू मग उकळत्या नायट्रिक आम्लात विरघळवला जाई. या द्रावणात तीन गोष्टी एकत्र असतात : भरपूर युरेनियम, अत्यल्प प्लुटोनियम आणि अत्यंत किरणोत्सर्गी अशी विखंडनजन्य द्रव्ये. सायरससारख्या अणुभट्टीच्या एक टन इंधनात प्लुटोनियमचे प्रमाण साधारण एक किलो किंवा त्याहूनही कमी असते.

त्यांना विलग करण्यासाठी ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाचे द्रावक वापरतात. ते रॉकेलसारख्या तेलात मिसळून आम्लातील द्रावणाबरोबर उंच स्तंभांत घुसळले जाते. ताक घुसळल्यावर लोणी वर यावे, तसे युरेनियम आणि प्लुटोनियम तेलाच्या थरात जातात आणि विखंडनजन्य द्रव्ये आम्लातच राहतात. पुढच्या स्तंभात प्लुटोनियमची रासायनिक अवस्था बदलली जाते. या बदललेल्या अवस्थेत तेलाशी त्याचे जमत नाही आणि ते पुन्हा आम्लात उतरते. युरेनियम मात्र तेलातच राहते. शेवटी सौम्य आम्लाने धुऊन युरेनियमही बाहेर काढले जाते. शुद्धतेसाठी ही चक्रे पुन्हा पुन्हा करावी लागतात. प्युरेक्स या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेत विकसित झाली आणि आज जगभर हीच प्रचलित आहे.

कागदावर सोपी वाटणारी ही रीत प्रत्यक्षात अनेक कसोट्या घेते. प्लुटोनियमचे द्रावण एका जागी ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक साठले, तर भांड्यातच साखळी प्रक्रिया सुरू होऊ शकते. त्यामुळे भांड्यांचा आकार आणि द्रावणाची तीव्रता यांचा काटेकोर हिशेब ठेवावा लागतो. उकळते आम्ल पोलाद कुरतडते. म्हणून प्रत्येक नळी आणि प्रत्येक जोड विशिष्ट स्टेनलेस स्टीलचा आणि निर्दोष असावा लागतो. एकदा किरणोत्सर्गी द्रावण आत गेले, की बिघाड दुरुस्त करण्यासाठी माणूस सहज आत जाऊ शकत नाही. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात तुर्भ्याच्या कारखान्यालाही हा अनुभव आला. झीज झालेली सामग्री बदलण्यासाठी तो थांबवावा लागला, आतील किरणोत्सर्ग धुऊन काढावा लागला आणि वाढीव क्षमतेसह तो ऐंशीच्या दशकात पुन्हा सुरू झाला. किरणोत्सर्गाने माखलेला कारखाना स्वच्छ करून पुन्हा उभा करण्याचे हे कामही भारतीय अभियंत्यांना स्वतःच शिकावे लागले.

दुधारी शस्त्र

भाभा यांच्या चरित्रातील एक अवघड प्रश्न याच कारखान्याशी निगडित आहे. वापरलेल्या इंधनातून मिळणारे प्लुटोनियम प्रजनक अणुभट्टीचे इंधन ठरते, तसेच ते बॉम्बचाही घटक होऊ शकते. भाभा यांना याची पूर्ण जाणीव होती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या घटनेवर चर्चा सुरू असताना त्यांनी विकसनशील देशांवर लादल्या जाणाऱ्या एकतर्फी तपासणीला ठाम विरोध केला. ज्यांच्याकडे शस्त्रे आहेत त्यांना मोकळीक आणि ज्यांना विजेसाठी अणुशक्ती हवी आहे त्यांच्यावर पहारा, ही विषमता त्यांना मान्य नव्हती.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली आणि हा प्रश्न राष्ट्रीय चर्चेच्या केंद्रस्थानी आला. तुर्भ्याचा कारखाना नुकताच तयार झाला होता. त्याच महिन्यात आकाशवाणीवरील भाषणात भाभा यांनी अण्वस्त्रांच्या खर्चाचा अंदाज मांडला आणि त्याच वेळी जागतिक निःशस्त्रीकरणाची गरजही सांगितली. त्यांनी दिलेले खर्चाचे आकडे फारच कमी असल्याची टीका तेव्हाही झाली. संसदेत शस्त्रनिर्मितीची मागणी होत होती. शास्त्रीजींनी ती मान्य केली नाही. शांततामय कामांसाठी भूमिगत स्फोट घडवता येईल का, याच्या अभ्यासाला मात्र त्यांनी संमती दिली, असे या विषयाचे अभ्यासक नमूद करतात.

पुढे १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या चाचणीत सायरसच्या इंधनातून तुर्भे येथे वेगळे केलेले प्लुटोनियम वापरले गेले. भाभा तेव्हा हयात नव्हते. सायरसचा वापर केवळ शांततामय कामांसाठी होईल, या आश्वासनाचा भंग झाला, असे कॅनडाचे म्हणणे होते. भारताने हा स्फोट शांततामय असल्याची भूमिका घेतली. कॅनडाने सहकार्य थांबवले. अणुसामग्री पुरवठादार देशांचा गट अस्तित्वात आला आणि भारताची कोंडी सुरू झाली. अमेरिकेने १९७७ मध्ये स्वतःच्या देशातील व्यापारी पुनःप्रक्रियाही स्थगित केली. पुनःप्रक्रियेमुळे शस्त्रप्रसाराचा धोका वाढतो, असे मानणारे आणि तिच्याविना युरेनियमचा अपव्यय होतो, असे मानणारे यांच्यातील हा वाद आजही मिटलेला नाही.

चित्रकार, रसिक आणि वृक्षप्रेमी

एवढ्या व्यापातही भाभा यांनी स्वतःतील कलावंत जपला. त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रे आणि रेखाचित्रे जाणकारांनी वाखाणली आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींवर समकालीन भारतीय चित्रकारांच्या कलाकृती लावण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. हुसेन यांच्यासारखे कलावंत तेव्हा नावारूपाला येत होते. आज तो संग्रह देशातील मोलाच्या संग्रहांपैकी एक मानला जातो. इमारत बांधताना आड येणारे वृक्ष तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. तुर्भे आणि कुलाबा येथील उद्यानांवर त्यांच्या या दृष्टीची छाप आहे. ते आजन्म अविवाहित राहिले. त्यांचे बंधू जमशेद भाभा यांनी पुढे मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र नावारूपाला आणले.

अखेरचा प्रवास

जानेवारी १९६६ हा देशाच्या दृष्टीने आघातांचा महिना ठरला. ११ जानेवारीला ताश्कंद येथे लालबहादूर शास्त्री यांचे निधन झाले. २४ जानेवारीला इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी भाभा यांच्या निधनाची वार्ता आली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते. दिल्ली आणि बैरूतमार्गे जिनिव्हाकडे जाणारे एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँवर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेविषयी अनेक तर्क लढवले गेले. अधिकृत चौकशीत मात्र पर्वताच्या संदर्भात विमान नेमके कोठे आहे याचा वैमानिकाचा अंदाज चुकला आणि नियंत्रण कक्षाच्या संदेशाचा अर्थ लावण्यात गफलत झाली, असा निष्कर्ष निघाला. विमानाचे अवशेष हिमनदीतून अनेक दशकांनंतरही सापडत राहिले. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक थैलीही मिळाली.

जानेवारी १९६७ मध्ये तुर्भ्याच्या प्रतिष्ठानाला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

वारसा आणि हिशेब

भाभा यांच्या पश्चात पुनःप्रक्रियेचे काम तुर्भ्यापुरते मर्यादित राहिले नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे सत्तरच्या दशकात आणि तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे नव्वदच्या दशकात वीज अणुभट्ट्यांच्या इंधनासाठी कारखाने सुरू झाले. जड पाण्याच्या वीज अणुभट्टीतून बाहेर पडणाऱ्या इंधनात ९८ टक्क्यांहून अधिक भाग युरेनियमचाच असतो. परत मिळवलेल्या या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ कमी असते. तरीही प्रजनक अणुभट्टीत त्याचे प्लुटोनियममध्ये रूपांतर होऊ शकत असल्याने ते जपून ठेवले जाते. ऑक्टोबर १९८५ मध्ये कल्पाक्कमची प्रायोगिक प्रजनक अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा तिचे प्लुटोनियममिश्रित इंधन देशातच तयार झाले होते. त्याच ठिकाणी युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी ही छोटी अणुभट्टी १९९६ मध्ये कार्यान्वित झाली.

उरलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचा प्रश्न मात्र दीर्घकाळ सोबत करणार आहे. ही द्रव्ये काचेत मुरवून, पोलादी डब्यांत बंद करून सुरक्षित ठेवली जातात. त्यातूनही काही उपयुक्त घटक वेगळे काढण्यात तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांना यश आले आहे. सिझियम-१३७ पासून रक्तपेढ्यांमधील विकिरण यंत्रांसाठी काचकांड्या तयार होतात, तर रुथेनियम-१०६ चा उपयोग डोळ्यांच्या कर्करोगावरील उपचारात होतो. भाभा यांच्या निर्णयाचे हे फळ त्यांच्या मूळ योजनेतही नव्हते.

हिशेबाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. अणुवीज किती वेगाने वाढेल, याविषयी भाभा यांनी वर्तवलेली भाकिते प्रत्यक्षात उतरली नाहीत. देशाच्या एकूण विजेत अणुऊर्जेचा वाटा आजही तीन टक्क्यांच्या आसपास आहे. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉट क्षमतेच्या प्रजनक अणुभट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि पंतप्रधानांच्या उपस्थितीत तिचा गाभा भरण्यास प्रारंभ व्हायला मार्च २०२४ उजाडला. थोरियमवर आधारित तिसरा टप्पा अद्याप दूर आहे. निर्बंध, अपुरा निधी आणि तंत्रज्ञानाची गुंतागुंत अशी अनेक कारणे त्यामागे आहेत.

तरीही १९५८ मध्ये घेतलेला तो निर्णय काळाच्या कसोटीवर टिकला आहे. वापरलेले इंधन जपून ठेवावे, त्यातील उपयुक्त भाग परत मिळवावा आणि ते तंत्र स्वतःच्या माणसांनी आत्मसात करावे, हे धोरण त्यानंतरच्या प्रत्येक सरकारने कायम ठेवले. परदेशातून इंधन आणि सामग्री मिळणे बंद झाले, तेव्हा तुर्भ्यात शिकलेल्या रसायन अभियंत्यांच्या पिढीने हे काम थांबू दिले नाही. संस्था उभारताना आधी माणसे घडवावीत, ही भाभा यांची शिकवण त्यामुळे त्यांच्या पश्चातही जिवंत राहिली. या थोर शास्त्रज्ञाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.